सुट्टीचं ठिकाण सगळ्यात शेवटी ठरवा

मार्च उजाडला की घराघरांत एकच विषय निघतो: यंदा कुठे? कुणीतरी काश्मीरचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकतं, मावशी सांगते की थायलंडला आता व्हिसाची कटकट राहिली नाही, आजोबांच्या मनात कोकण असतं आणि मुलांना बर्फ बघायचा असतो. पंधरा दिवस ठिकाणांवर खल चालतो. शेवटी एकमत होतं, तेव्हा रेल्वे वेटिंगवर गेलेली असते, विमानाचे दर चढलेले असतात आणि चांगल्या खोल्या कुणीतरी आधीच घेतलेल्या असतात.

माझं म्हणणं साधं आहे. 'कुठे' हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी कधी जायचं, मग बरोबर कोण कोण आहे, हातात खरे दिवस किती आहेत आणि प्रत्येकाला या सुट्टीतून काय हवंय, हे ठरवा. तेवढं ठरलं की शेकडो ठिकाणं आपोआप गळतात आणि दोन-तीनच उरतात. असं का होतं, हे कळायला आधी गर्दी, दर आणि ज्याला आपण ट्रेंड म्हणतो तो, या तीन गोष्टी कशा तयार होतात ते समजून घेऊ.

गर्दी कॅलेंडरातून येते

मे महिन्यात मनालीला गर्दी होते, याचं मोठं कारण शाळांच्या वेळापत्रकात आहे. महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. विदर्भात उन्हामुळे त्या आणखी थोड्या उशिरा उघडतात. दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या मुलांनाही मे-जूनमध्येच सुट्टी असते, आणि ती कुटुंबं स्वतःच्या गाडीने एका रात्रीत शिमला-मनालीला पोहोचू शकतात. म्हणजे आपण दीड-दोन हजार किलोमीटरवरून जातो आणि तिथे आपल्या आधी अख्खी उत्तर भारताची मैदानं पोहोचलेली असतात. २०१८च्या मे महिन्याच्या शेवटी शिमल्यात पाण्याची इतकी टंचाई झाली की तिथल्या लोकांनी पर्यटकांना 'सध्या येऊ नका' असं समाजमाध्यमांवरून कळवायला सुरुवात केली. शहराचं पाणी तेवढंच, आणि ते वाटून घेणारी माणसं ऐन उन्हाळ्यात कितीतरी पट.

म्हणून फक्त आपलं कॅलेंडर बघून चालत नाही, इतरांचंही बघावं लागतं. बंगाली कुटुंबं दुर्गापूजेच्या सुट्टीत फिरायला निघतात, त्यामुळे सिक्कीम, दार्जिलिंग, अंदमान त्या आठवड्यांत भरलेलं असतं. गुजरातमध्ये दिवाळीनंतर लाभपाचमीपर्यंत बाजार बंद असतो, आणि त्या दिवसांत माउंट अबू, दीव, गोवा, लोणावळा, महाबळेश्वर इथे पाय ठेवायला जागा नसते. आपण भाऊबीज करून निघतो ते नेमके याच गर्दीत जाऊन मिसळतो. दिवाळीत जायचंच असेल तर ज्या दिशेला गुजरातचा लोंढा कमी जातो तिकडे वळावं. विदर्भातली जंगलं आहेत, मराठवाड्यातली लेणी आहेत, खालच्या कोकणातली गावं आहेत.

याची उलट बाजूही आहे आणि तिचा फायदा फार कमी लोक घेतात. गणेशोत्सवात कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण काही मिनिटांत संपतं, पण मराठी पर्यटक बाकी कुठे जात नाही. घरी दीड दिवसाचा गणपती असेल आणि विसर्जनानंतर चार दिवस मोकळे असतील, तर अजिंठा, मांडू, बदामी, हम्पी ही ठिकाणं त्या वेळी हिरवी आणि बरीच शांत असतात. अजिंठ्याला सोमवारी आणि वेरूळला मंगळवारी लेणी बंद असतात, एवढं मात्र तारखा ठरवताना लक्षात ठेवा. दोन्ही पाहायची असतील तर बुधवार-गुरुवार उत्तम.

जोडून येणाऱ्या सुट्ट्यांबद्दल मी थोडी कडक आहे. पावसाळी शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या शंभर किलोमीटरच्या परिघात नेहमीच्या धबधब्यावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचे होते. आता अशा जागांवर पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढतं. निघायच्या आधी त्या जिल्ह्याचे आदेश पाहणं हा सहलीच्या तयारीचाच भाग समजा.

दर कसे चढतात

विमानाच्या तिकिटाचं गणित लोकांना गूढ वाटतं, पण त्यामागचा विचार सरळ आहे. समजा १८० आसनांचं विमान आहे. कंपनी ती आसनं वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटते. सगळ्यात स्वस्त गटात थोडी आसनं, त्याच्या वरच्या गटात आणखी थोडी, असं वर वर. खालचा गट विकला गेला की पुढचं तिकीट वरच्या दराने मिळतं. विक्री अपेक्षेपेक्षा जोरात चालली असेल तर कंपनीची यंत्रणा खालचे गट लवकर बंद करते; विक्री मंद असेल तर पुन्हा उघडते. म्हणून 'अमुक आठवडे आधी काढलं की स्वस्त पडतं' असा पक्का नियम सांगता येत नाही. मे महिना, दिवाळी, नाताळ अशा दिवसांत दर सहसा वरच जातात, तिथे लवकर काढणं शहाणपणाचं. ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी जायचं असेल तर थांबून बघायला हरकत नाही.

यातच एक बारकावा आहे, जो चौघांच्या कुटुंबाला माहीत असायला हवा. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही एकदम चार तिकिटं शोधलीत, तर बहुतेक वेळा यंत्रणा चारही तिकिटं वरच्या दराने दाखवते. म्हणून एकदा एका माणसासाठी शोधून बघा, मग चौघांसाठी. दरात फरक दिसला तर दोन-दोन तिकिटं वेगळी काढता येतात. फक्त मग दोन वेगळे पीएनआर होतात आणि उड्डाण रद्द झालं किंवा बदललं तर दोन्हींचा पाठपुरावा वेगळा करावा लागतो. लहान मुलाचं तिकीट मोठ्या माणसाच्याच पीएनआरमध्ये ठेवा.

रेल्वेचं वेगळं आहे. बहुतेक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, राजधानी, शताब्दी, दुरांतो यांचं मात्र २०१६पासून आसनं भरत जातील तसं टप्प्याटप्प्याने वाढतं. इतर गाड्यांत दर चढत नाही, त्यामुळे सगळी स्पर्धा वेळेची होते. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे १० मेच्या गाडीचं आरक्षण ११ मार्चला सकाळी आठ वाजता उघडतं. ऐन परीक्षांचे दिवस! या एका तारखेमुळे मी म्हणते की तारखा फेब्रुवारीतच ठरवून टाका. तत्काळ आदल्या दिवशी मिळतं, वातानुकूलित डब्यांचं सकाळी दहाला आणि बाकीचं अकराला, आणि जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार जोडलेलं खातं लागतं. पण चार जणांची सहल तत्काळच्या भरवशावर ठेवू नये.

हॉटेलच्या बिलातही एक पायरी लपलेली असते. २२ सप्टेंबर २०२५पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७५०० रुपयांची खोली करासह ७८७५ला पडते, तर ७६०० रुपयांची ८९६८ला. मूळ दरात शंभराचा फरक, हातात पडणाऱ्या बिलात जवळजवळ अकराशेचा. दर या सीमेच्या आसपास असेल तर एक शब्द टाकून बघा, हॉटेलवाल्यालाही हे माहीत असतं.

ट्रेंड म्हणजे बऱ्याचदा एक नवा रस्ता

एखादं ठिकाण एकाएकी सगळ्यांच्या तोंडी का येतं? फोटो आणि रील्स हे वरवरचं उत्तर झालं. फोटो काढायला माणूस आधी तिथे पोहोचावा लागतो. हिमाचलमधलं लाहौल हिवाळ्यात रोहतांग खिंडीतल्या बर्फामुळे कित्येक महिने तुटलेलं असायचं. ऑक्टोबर २०२०मध्ये सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि पलीकडचं सिस्सू हे छोटंसं गाव मनालीच्या प्रत्येक पॅकेजमध्ये आलं. आपल्याकडे २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. त्याच्या आदल्या वर्षी सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, पण मालवण-तारकर्लीला वळलेली खरी पावलं या रुळांवरून आली. आता गोव्यातल्या मोपा विमानतळावर २०२३च्या जानेवारीपासून विमानं उतरतात आणि तिथून सावंतवाडी, वेंगुर्ला अगदी हाताशी आहेत. मुंबईहून अलिबागला जाणाऱ्यांचा वेळ २०२४च्या जानेवारीत अटल सेतूने वाचवला. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग मुंबई-नागपूर पूर्ण जोडला गेला. पुढची गर्दी कुठे असेल हे ओळखायचं असेल तर रील्सपेक्षा रस्ते आणि विमानतळांच्या बातम्या वाचा.

दुसरं कारण व्हिसा. नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मलेशियाने भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. मुंबईहून व्हिएतनामला २०२२मध्ये थेट विमानं सुरू झाली. परदेश म्हणजे आयुष्यातून एकदा, ही कल्पना त्यामुळे सैल झाली. असे नियम सरकारं बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहिलीच पाहिजे.

तिसरं कारण घटना. २०२४च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या काही मंत्र्यांच्या वक्तव्यांवरून वाद उसळला, आणि त्याआधी सलग तीन वर्षं मालदीवला सगळ्यात जास्त पर्यटक पाठवणारा भारत त्या वर्षी बराच खाली घसरला. तेव्हा लक्षद्वीपची चौकशी एकदम वाढली; पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, खोल्या आणि बोटींच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे इच्छा आणि सोय यांची गाठ पडली नाही. आणि २२ एप्रिल २०२५. पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारण्यात आलं, त्यात डोंबिवली आणि पुण्याची माणसंही होती. त्या उन्हाळ्यात काश्मीरचं आरक्षण रद्द करणाऱ्या कुणालाही कुणी दोष देऊ नये. त्याच वेळी शिकारावाले, घोडेवाले आणि हाउसबोटवाले यांचं वर्षाचं उत्पन्न त्या काही आठवड्यांवर असतं, हेही तितकंच खरं. अशा काळात सरकारच्या सूचना, कुठली स्थळं उघडी आहेत आणि आपल्या घरातल्यांचं मन काय म्हणतं, या तिन्हींचा विचार करून प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा.

ठिकाणालाही वय असतं

रिचर्ड बटलर या भूगोलतज्ज्ञाने १९८०मध्ये एक मांडणी केली, ती मला पर्यटनाबद्दलची सगळ्यात उपयोगी वाटते. त्याचं म्हणणं असं की पर्यटनस्थळ ठरावीक अवस्थांमधून जातं. पहिल्या अवस्थेत तुरळक माणसं येतात, सोय काहीच नसते, कुणाच्या तरी ओसरीवर झोपायचं आणि तिथेच जेवायचं. दुसऱ्या अवस्थेत गावातली माणसं स्वतः खोल्या काढतात, जेवण द्यायला लागतात, होडीवाला फेरी मारून आणतो. तिसऱ्या अवस्थेत बाहेरचा पैसा येतो, मोठी हॉटेलं आणि जाहिराती येतात. चौथ्या अवस्थेत गावाचा बहुतेक व्यवहार पर्यटनावर उभा राहतो. मग एक वेळ येते की आणखी माणसं मावत नाहीत. तिथून ठिकाण उतरणीला लागतं किंवा स्वतःला नव्याने घडवतं.

आपल्या किनारपट्टीवर या सगळ्या अवस्था एका लांब प्रवासात दिसतात. गोव्यातलं कळंगुट आणि तिथून वर भोगवे, निवती, हेदवी, वेळणेश्वर अशी गावं पाहिली तर एकाच समुद्राचे वेगवेगळे टप्पे समोर येतात. माझी आवड दुसऱ्या अवस्थेची आहे. तिथे तुम्ही दिलेले पैसे सरळ ताट वाढणाऱ्या घरात जातात, सकाळी घावणे कुणाच्या हातचे आहेत हे कळतं, आणि मासा कुठल्या होडीतून आला तेही विचारता येतं. पण ही शिफारस सगळ्यांसाठी नाही. घरात हृदयविकार असलेले आजोबा असतील, सहा महिन्यांचं बाळ असेल, तर जवळ रुग्णालय, लिफ्ट आणि अखंड वीज असलेलं तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतलं ठिकाण योग्य. प्रसिद्ध जागी जाण्यात काही कमीपणा नाही. ती प्रसिद्ध झाली ती बहुधा सुंदर असल्यामुळेच.

स्थळ किती माणसं सोसू शकतं

कासचं पठार या प्रश्नाचं फार बोलकं उदाहरण आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचा हा जांभ्या दगडाचा सडा. त्यावर मातीचा थर इतका पातळ की झाडं धरत नाहीत, पण पावसात पाणी साचून त्या ओलीवर शेकडो प्रकारची फुलं येतात. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवला एकामागून एक उमलतात, सप्टेंबरात सगळ्यात जास्त. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या. या फुलांचं बी त्याच पातळ मातीत पडतं. माणसाच्या पायाखाली माती घट्ट झाली, दबली, वाहून गेली की पुढच्या वर्षीचं फूल तिथे उगवत नाही. म्हणून आता दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मला ही मर्यादा मनापासून पटते. सप्टेंबरातल्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात तर धुकं, फुलं आणि शांतता तिन्ही मिळण्याची शक्यता मोठी. फोटोसाठी फुलांत बसू नका, मुलांनाही बसू देऊ नका.

काजव्यांचंही तसंच. मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा, कळसूबाईच्या परिसरात झाडं उजळून निघतात. तो उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेल्या खुणा असतात. गाडीचे हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यांत त्या खुणा हरवतात आणि मीलन होत नाही. ज्यांना बघायला आपण गेलो, त्यांचीच पुढची पिढी आपल्यामुळे कमी होते. तिथे जायचं तर गाडी लांब लावून, अंधारात, गावातल्या वाटाड्याबरोबर चालत जावं.

अशा मर्यादा आता सगळीकडे येत आहेत. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४पासून ई-पास लागतो, आणि २०२५च्या उन्हाळ्यात निलगिरीत आठवड्याच्या दिवशी ६००० आणि शनिवार-रविवारी ८००० गाड्या अशी मर्यादा घातली गेली. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर रात्रीमागे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना काही नाही. व्हेनिसने २०२४पासून गर्दीच्या दिवसांत फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. माथेरानला मात्र फार आधीपासून गाड्यांना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा टॉय ट्रेनने जायचं. तिथली हवा अजून तशी राहिली आहे त्यात या बंदीचा वाटा मोठा आहे. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात १ जुलै ते ३० सप्टेंबर सफारी बंद असते आणि एरवीही मंगळवारी सुट्टी असते. परवाना ही आता तिकिटाइतकीच आधी बघायची गोष्ट झाली आहे.

स्वस्त आहे, पण का

हंगामाबाहेरचं ठिकाण स्वस्त मिळतं तेव्हा त्यामागचं कारण शोधायचं. कधी कारण फक्त शाळांचं वेळापत्रक असतं, आणि मग ती खरी संधी. कधी कारण हवामान असतं. मे ते ऑक्टोबर फुकेतच्या बाजूला पावसाळा असतो, समुद्र खवळलेला असतो आणि बेटांवरच्या सहली रद्द होऊ शकतात. त्याच महिन्यांत बालीमध्ये कोरडा हंगाम असतो, म्हणून मेच्या सुट्टीला बाली जास्त जुळतं. श्रीलंकेत तर एकाच बेटावर दोन वेगळे पावसाळे आहेत. मे-जूनमध्ये बेन्टोटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस असतो तेव्हा पूर्वेकडचं त्रिंकोमाली कोरडं असतं. व्हिएतनामला त्या दिवसांत जायचं तर दा नांगच्या भागात जा.

मालवणातही हे लागू आहे. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबासारखे जलक्रीडा प्रकार बंद असतात. पावसाळ्यात तिथे जायचं ते भातशेती, धुवांधार पाऊस आणि गरम जेवणासाठी. किल्ला बघायचा बेत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

युरोपचा विचार असेल तर सहा महिने आधी कामाला लागा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्या माणसाचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, आणि एप्रिल-मेच्या प्रवासासाठी मुंबईत भेटीच्या वेळा लवकर भरतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी, हे बहुतेक देशांबाबत सुरक्षित धोरण. परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ भरला जाणारा कर, घेते. तो खर्च म्हणून सोडून देऊ नका, प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो.

कोण कोण, किती दिवस

नकाशावरचे दिवस आणि हातातले दिवस वेगळे असतात. मुंबईहून मनालीला पाच दिवसांसाठी गेलात तर जाण्यायेण्यात दोन दिवस संपतात. चंदीगडहूनच रस्त्याने आठ तास सहज लागतात, आणि डोंगरात अंतर किलोमीटरने मोजायचंच नसतं. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानाने थेट उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती हवी, नाहीतर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. त्यामुळे चार दिवसांचं लडाख पॅकेज मला पटत नाही, तब्येत कितीही ठणठणीत असली तरी. पाच दिवसच असतील तर घरापासून रात्रीच्या गाडीच्या अंतरावरचं ठिकाण निवडा. चिखलदरा, तोरणमाळ, आंबोली यांना हिमालयाची सर नाही, पण तिथे पाचही दिवस तुमचे असतात.

मग घरात प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, या सुट्टीतून तुला काय हवं? उत्तरं ऐकून घ्या. आईला स्वयंपाकघरातून सुटका हवी असेल, तर किचन असलेला बंगला घेऊन सामान भरून नेणं ही तिची सुट्टी होत नाही. आजीला देवदर्शन हवं असेल आणि गुडघे दुखत असतील, तर पायऱ्या किती आणि डोली किंवा रोपवे आहे का, हे आधी बघा. पंधरा वर्षांच्या मुलाला रोज सहाला उठवून चार स्थळं दाखवलीत तर त्याच्या लक्षात फक्त बस राहील. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी मराठी ग्रुप टूर ही फार चांगली सोय आहे. आपली भाषा बोलणारा टूर मॅनेजर, ओळखीचं जेवण आणि हरवण्याची भीती नाही, यांची किंमत तरुणांना कळत नाही. पॅकेज निवडताना मात्र शहरांची संख्या पाहू नका. एकाच हॉटेलात सलग किती रात्री आहेत ते पाहा.

एक ताजं उदाहरण घेऊ. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचं लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. सगळ्यांना आता हे किल्ले बघायचे आहेत, आणि बघावेतच. समजा पुण्याचं कुटुंब आहे, दिवाळीनंतरचे सहा दिवस, आजी-आजोबा आणि दोन मुलं. राजगड आणि साल्हेर आजींच्या गुडघ्यांमुळे गळाले. रायगडला रोपवे आहे, पण दिवाळीच्या आठवड्यात रांग मोठी. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते, तिथे दोन रात्री. मग घाट उतरून विजयदुर्ग. हा किल्ला जमिनीला जोडलेला असल्याने आजी चालत आत जाऊ शकतात. शेवटी मालवण, होड्या सुरू झालेल्या असतात, मुलं आणि आईबाबा सिंधुदुर्गला जातील, ज्यांना होडीत चढउतार जमत नाही ते किनाऱ्यावर बसतील. सहा दिवसांत तीन किल्ले. तरुण मित्रांचा गट असता तर याच यादीतून राजगड आणि बागलाणातला साल्हेर निघाले असते. चेन्नईला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाने शनिवार-रविवारी पुदुच्चेरीला जोडून जिंजी करावा.

पुढच्या दोन वर्षांचं नियोजन करणाऱ्यांनी २०२७मधला नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थही कॅलेंडरात लिहून ठेवावा. स्नानाला जायचं असेल तर मुक्कामाची सोय फार आधी लागेल. जायचं नसेल तर पर्वण्यांच्या दिवसांत त्या बाजूची सहल टाळावी. शिर्डी, सापुतारा, भंडारदरा या सगळ्यांच्या रस्त्यांवर त्याचा भार पडणार.

ठिकाण ठरलं, घरगुती निवास सापडला, की पैसे पाठवण्याआधी मालकांना फोन लावा. फोटो सगळ्यांचेच छान असतात. पाणी दिवसभर असतं का, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, शेवटचा रस्ता कसा आहे आणि गाडी दारापर्यंत येते का, जेवण कुठे मिळेल आणि किती आधी सांगावं लागेल, खोलीपर्यंत जिने किती, सगळ्यात जवळचा डॉक्टर कुठे, हे विचारा. आणि सांगून टाका की आम्ही अमुक इतके जण आहोत, एवढ्या वाजता पोहोचू. चुलीवर भात किती टाकायचा ते त्यांनाही आधी कळायला हवं.